औषध टाकलेलं पाणी

पेटी घरात आली त्याच दिवशी मी मामींना सांगून ठेवलं होतं, की ह्या बाटल्यांना कोणी हात लावायचा नाही, ह्यांत औषध टाकलंय.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, रुख्माबाई. त्यांनी मान डोलावली. आम्ही दोघींनी मिळून पेटी कोठीच्या खोलीत नेली, तुरीच्या पोत्यांमागे, जिथे ऊन पोचत नाही अशा कोपऱ्यात ठेवली, आणि मामींनी तिच्यावर जुनी गोधडी टाकली. मग कुंदीला कडेवर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि बोट नाचवत म्हणाल्या, "अथी जाचं नाई हं माय. तुह्या मायचा समुद्र हाय तथी." कुंदी आठ महिन्यांची. पोटावर सरकण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. ती आजीचं बोट धरायला बघत राहिली.

समुद्र घरात आल्याची बातमी सिंदीभर व्हायला वेळ लागला नाही. दिवस कापसाचे होते, गाड्या जिनिंगपुढे रांगेत उभ्या, म्हणजे सगळं गाव रस्त्यावरच. माझे सासरे अण्णाजी, त्यांना मी मामाजी म्हणते, गाडीच्या जोखडाला टेकून लोकांना सांगायचे, की आमच्या घरी समुद्र आहे, पण प्यायचं पाणी अजून विहिरीवरूनच आणावं लागतं. शेजारच्या आनंदाबाई मुद्दाम बघायला आल्या. पाणी निळं नाही म्हणून त्यांचा विरस झाला. थोडं असलं की निळं दिसत नाही, असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग एवढ्या दुरून आणायचंच होतं तर जरा जास्त आणायचं.

पेटी मधुकरनं आणली होती. आम्ही दोघं समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत कामाला. ओळख तिथलीच, लग्नही तिथे असतानाच ठरलं. तो जहाजावर जायचा. बायकांना जहाजावर नेत नसत, म्हणून त्यानं आणलेलं पाणी मी किनाऱ्यावर बसून मोजायची. कुंदीच्या वेळी मी सिंदीला आले आणि राहिले. माझी जागा कायमची नव्हती. साहेबांनी एवढंच म्हटलं होतं, की ह्या सफरीच्या बाटल्यांचं काम झालं तर नाव राहील, नाहीतर पुढच्या वर्षी पाहू. मग मधुकरनं दोन ठिकाणी गाडी बदलत, पेटी मांडीवर धरून बाटल्या सिंदीला आणल्या. चार दिवस राहिला, लेकीला पोटभर पाहिलं, आणि पुन्हा जहाजावर गेला. वर्ध्याला मी जिथे शिकले त्या कॉलेजात माझ्या जुन्या सरांनी खिडकीजवळचं एक टेबल मला दिलं, बुधवारी आणि शनिवारी. हे एकोणऐंशी सालचं.

काम समजायला अवघड नाही. सिंदीच्या स्टेशनात मालगाडी थांबली की इंजिनाचा धूर आमच्या अंगणावरून जातो, वाळत घातलेल्या दुपट्यांवर काजळी बसते. पण जो धूर दिसत नाही तो पुढे जातो, आणि त्यातला बराचसा शेवटी समुद्र पिऊन टाकतो. किती पितो आणि अजून किती पिऊ शकेल, हे नीट कोणालाच ठाऊक नव्हतं. ते पाहायचं तर वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी आणायचं, त्यात विरघळलेला कार्बन मोजायचा, आणि त्या पाण्याची अल्कता मोजायची. कार्बनचं काम तिकडे चालायचं, अल्कतेचं माझ्याकडे. अल्कता म्हणजे पाणी आंबट किती सोसू शकतं ते. पाणी घ्यायचं, त्यात आम्ल थेंबथेंब सोडायचं. कितीतरी थेंब पडतात आणि पाणी काही दाखवत नाही, मीटरचा काटा जवळजवळ जागचा हलत नाही. मग एका थेंबाला सगळं एकदम कोसळतं. तो थेंब कितवा, ते लिहायचं. चुलीपाशी बसून मी हे मामींना सांगत होते तेव्हा आनंदाबाई मध्येच म्हणाल्या, "एवढ्यासाठी समुद्रावर कायले जा लागते? कोण्याही घरच्या सुनेले इचार." मामींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या भाकरी मोजायला लागल्या.

आता औषधाचं. समुद्राचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते बाटलीतही श्वास घेत राहतात. महिन्यानं बाटली उघडावी तर त्यांच्या श्वासांनी आतलं पाणी बदललेलं असतं. म्हणून बाटली भरल्याबरोबर जहाजावरच तिच्यात पाऱ्याचं विष घालतात, दोन थेंब. जुने वैद्य रसकापूर म्हणत, त्याच जातीचं. सगळं जिथल्या तिथे थांबतं. मग बुचाला वंगण लावून बाटली बंद करायची. प्रयोगशाळेत आम्ही त्याला औषधच म्हणायचो. औषध घातलं का, एवढंच विचारायचं. आणि सिंदीत तरी काय वेगळं होतं? कपाशीवर अळी पडली की औषध मारतात. मामाजींचा फवारणीचा डबा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला, त्याला घरात औषधाचा डबाच म्हणत. पलीकडच्या गल्लीतल्या एका सुनेनं मागल्या वर्षी औषध घेतलं, म्हणजे काय केलं, ते कोणाला उलगडून सांगावं लागलं नव्हतं. म्हणून मी औषध म्हटलं आणि निश्चिंत झाले.

त्या शनिवारी कुंदीला दोन दिवसांचा खोकला होता. रात्री खोकून खोकून दूध उलटायची. माझा पाय निघत नव्हता. मामींनीच मला ढकललं. म्हणाल्या, मी नाही का घरी, पाच लेकरं वाढवली मी, आणि तुझा तो काटा काय तुझ्यासाठी बुधवारपर्यंत थांबणार आहे? मी कुंदीला पाजलं, झोपवलं आणि दुपारची पॅसेंजर धरली.

काम बरं झालं त्या दिवशी. खिडकीतून ऊन येत होतं, थेंब नीट पडत होते. मध्येच पान्हा फुटला. कुठे मूल रडत नव्हतं, काही नाही, पण फुटला. मी पदर घट्ट लपेटला आणि डोळा काट्यावरून काढला नाही. परतीच्या गाडीत ब्लाउज वाळून कडक झाला होता आणि मला फक्त घर दिसत होतं.

मी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मामी ओट्यावर बसल्या होत्या, कुंदी त्यांच्या मांडीवर जागी. मला पाहून तिनं दोन्ही हात उडवले. मामी खुशीत होत्या.

"पाय, खोकला बसला," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केले आणि तेवढ्यात मला बाटली दिसली. तुळशीच्या कट्ट्यावर, दिव्याशेजारी. तिला हळदीकुंकवाची बोटं लावली होती. काचेचं बूच बाजूला पालथं ठेवलेलं. बाटली आम्ही तोंडापर्यंत भरतो, हवेचा बुडबुडा राहू देत नाही. हिच्यातलं पाणी खांद्याच्या खाली उतरलं होतं. आणि कट्ट्याच्या कडेला कुंदीचं चांदीचं बोंडलं, ज्यानं तिला वरचं दूध पाजायचो ते, धुऊन उपडं घातलेलं.

"मामी, हे काय?"

"औषध देल्लं तिले. तूच त म्हणत होती, याच्यात औषध टाकलं हाय म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून बारीकसारीक सांगितलं. आनंदाबाई आल्या होत्या. त्यांच्या माहेरी काशीचं पाणी आहे, ते थेंबथेंब पुरवून वापरतात, आणि तुमच्या घरी समुद्र पेटीभर पडून आहे, असं त्या म्हणाल्या. साऱ्या नद्या शेवटी तिथेच जातात, आणि वर मधूनं त्यात औषध घातलेलं, मग लेकरू खोकून खोकून हैराण होतंय ते कशासाठी? तरी मामी लगेच उठल्या नाहीत. हात लावायचा नाही हे सुनेचं बोलणं त्यांना पक्कं आठवत होतं. पारोशानं हात लावायचा नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. म्हणून पुन्हा आंघोळ केली, ओलेत्यानंच कोठीत गेल्या, बाटली तुळशीपाशी आणली, दिवा लावला, मग बूच काढलं. आधी स्वतः ओंजळभर घेतलं. पोरीला द्यायचं ते आधी आपण घेऊन पाहावं म्हणून. लई खारट लागलं. म्हणून कुंदीसाठी बोंडल्यात गुळाचा खडा विरघळवला.

"किती दिलं?"

"बोंडलंभर."

"सगळं प्याली?"

"अर्धं प्याली असन. अर्धं थुकलं. लबाड हाय."

मी कुंदीला ओढून घेतलं. तिच्या तोंडाचा वास घेतला. गुळाचा येत होता. झबल्याची छाती ओली होती, ती मी पिळून पाहिली, जणू त्यात किती गेलं ते मला कळणार होतं. कुंदीला वाटलं खेळ आहे. ती माझं मंगळसूत्र तोंडात घालायला बघत होती.

मला हिशेब येत होता. हेच त्यातलं सगळ्यात वाईट. अर्धा लिटर पाण्यात दोन थेंब असतील तर बोंडलंभर पाण्यात जे येतं ते आठ महिन्यांच्या लेकराच्या अंगालाही लागत नाही, खाऱ्या पाण्यानं फार तर पोट बिघडेल. दोन थेंब असतील तर. पण बाटली मधुकरनं भरली होती आणि मधुकरचा हात मला माहीत आहे. माझ्या चहात तो साखर घालतो तेव्हा चमचा एकदा रिकामा करून थांबत नाही, थोडी आणखी म्हणून वरून भुरभुरवतो. भाजीवर कोथिंबीर अशी टाकतो की भाजी दिसत नाही. जहाज हलायला लागलं की थेंब मोजत बसायला सवड नसते, असं त्यानंच सांगितलं होतं. एखादा जीव जिवंत राहिला तर अख्खी बाटली वाया जाते, मग चार थेंब जास्त गेले तर काय बिघडलं? ह्या हातावर भाळून मी लग्न केलं होतं. आता त्या हातातून त्या दिवशी दोन पडले होते, का दहा, का वीस, ते ह्या घरात, ह्या गावात कोणी सांगू शकत नव्हतं.

बाटलीला बूच लावलं, ती पिशवीत घातली, कुंदीला घेतलं आणि डॉक्टर बबनरावांकडे निघाले. मामाजी जिनिंगवरून येत होते, ते माझा चेहरा पाहून गाडी तशीच सोडून माझ्यामागे आले.

बबनरावांचा दवाखाना स्टेशनरोडला. साप, विंचू आणि फवारणीचं औषध, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. समुद्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला. मी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसले नाहीत. कुंदीचं तोंड उघडून बॅटरीनं पाहिलं, पोट दाबून पाहिलं. मग विचारायचं तेच विचारलं.

"पोटात किती गेलं?"

तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा लिहिल्याशिवाय मी कधी टेबलावरून उठले नव्हते. मी म्हटलं, "माहीत नाही."

"आणि बाटलीत किती होतं?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी बॅटरी बंद केली. अंड्याचा पांढरा बलक दुधात घालून द्या, म्हणाले, तो पाऱ्याला धरून ठेवतो. अंगावर पाजत राहा. रक्त पडलं किंवा उलट्या लागल्या तर जिनिंगचा ट्रक सांगून ठेवतो, तसेच निघा. नाही तर सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे पाऱ्यावरची सुई असेल तर असेल. आणि लघवीवर लक्ष ठेवा. पारा जातो तो मूत्रपिंडावर. लघवी होत राहिली तर घाबरायचं कारण नाही. थांबली तर... मामाजींकडे बघून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

त्यांच्याच फोनवरून प्रयोगशाळेला ट्रंक कॉल लावला. लाइन लागायला वेळ लागला. कुंदी तोवर माझ्या मांडीवर दूध पीत पीत झोपली. शेवटी तिकडून चौकीदार बोलला. शनिवार संध्याकाळ, साहेब लोक सोमवारी येतील. जहाजाला तार जाते पण ती साहेबच लावतात. मी ओरडून सांगत होते, की एकच विचारायचं आहे, थेंब किती घातले, थेंब. त्याला ऐकू गेलं, त्यानं शहाणपणानं परत म्हणून दाखवलं, थेंब किती घातले, आणि विचारलं, कशात?

आमच्या घरात अंडं येत नाही. मामाजी आणि मामी दोघंही माळकरी. येताना मामाजी वाटेत मागे राहिले. मला वाटलं बैल सोडायला गेले. थोड्या वेळानं आले ते टोपी हातात धरून, उघड्या डोक्यानं. टोपीत तीन अंडी होती. ती घरात कुठे ठेवावी हे त्यांना समजेना, ते अंगणातच उभे राहिले. मी त्यांच्याकडून टोपी घेतली. ती त्यांनी परत मागितली नाही.

आता मामींना सांगावंच लागलं. बाटलीत होतं ते कपाशीवरच्या औषधासारखं, एवढंच मी म्हटलं. त्या चुलीपुढे बसलेल्या होत्या, त्यांनी लाकूड मागे ओढलं.

"जहर?"

"हो."

"मधूनं टाकलं?"

"पाण्यातले जीव मरावे म्हणून टाकतात, मामी. ते जिवंत राहिले तर मोजता येत नाही."

त्यांनी त्या लाकडाचा निखारा राखेत दाबून विझवला. माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"त मंग औषध काऊन म्हटलं वं तू? जहर म्हणा लागत होतं."

"तुम्ही फवारणीच्या डब्याला औषधच म्हणता ना."

"थे कपाशीचं औषध. कपाशीले लेकरू हाय का?" त्यांचा आवाज चढला नाही. "लेकराची माय औषध म्हणन, त मी लेकराचंच समजीन ना."

मी अंडं फोडलं. पिवळं एका वाटीत, पांढरं दुसऱ्या वाटीतल्या दुधात, चुलीपासून लांब, अंगणाच्या कडेला बसून. मामी उठून आल्या, कुंदीला मांडीवर आडवं घेतलं आणि तिची हनुवटी धरली. अंडं लागलेला चमचा मी पुढे केला तेव्हा त्यांनी गळ्यातली माळ पाठीवर सारली, एवढंच. कुंदीनं चार घोट घेतले, मग तोंड मिटून घेतलं. मी मामींनाही म्हटलं, तुम्हीसुद्धा घ्या, तुम्ही तर ओंजळभर प्यायलात. त्या नको म्हणाल्या. दूध घेतलं, तेही माझ्या हट्टापायी. जेवण कोणी केलं नाही. आनंदाबाई कुंपणावरून विचारून गेल्या, पोरगी कशी आहे, तेव्हा मामींनी सांगितलं, बरी आहे, खोकला बसला. खोकला खरंच बसला होता.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. मामी दोनदा पोट धरून परसात गेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, खाऱ्या पाण्यानं होतं. खाऱ्या पाण्यानं होतंही. मी कुंदीच्या लंगोटात हात घालून बघत राहिले. आठ महिने मी हे लंगोट धूत आले होते, दिवसात किती व्हायचे ते कधी मोजलं नव्हतं, उलट त्यांचा वैताग यायचा. आता त्यांतला एक ओला व्हावा म्हणून मी कोणकोणत्या देवाला काय काय कबूल केलं ते मला आज आठवत नाही. संध्याकाळी डॉक्टरांकडे बसले असताना तिनं माझी मांडी भिजवली होती का? घरी आल्यावर मी घाईत पातळ बदललं होतं. ओलं होतं म्हणून बदललं, का मळलं म्हणून? तेवढंसुद्धा माझ्या लक्षात नव्हतं. रात्री बांधलेला लंगोट उजाडल्यावरही कोरडाच होता.

सकाळी आम्ही तिघी स्टेशनवर आलो. मामाजी ट्रकवाल्याकडे जाऊन बसले होते, गाडी आली नाही तर म्हणून. पॅसेंजर लेट होती. किती लेट, ते स्टेशनमास्तरांनाही सांगता येत नव्हतं, पुढे कुठेतरी मालगाडी अडकली होती. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या, त्यांच्या आडोशाला ऊन होतं. मामी तिथे खाली बसल्या, कुंदी त्यांच्या मांडीवर. माझ्याकडे ती किरकिर करत होती, त्यांच्याकडे गेली आणि झोपली. रात्रीतून मामींचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. त्यांना घेऊनही दवाखान्यात जायचं आहे हे मी ठरवलं होतं, त्यांना सांगितलं नव्हतं.

पिशवीत बाटली होती. सरांना दाखवावी असं मनात होतं, पण त्याचा उपयोग नाही हेही मला कळत होतं. त्या टेबलावर पारा मोजायची सोय नव्हती. आणि अल्कतेसाठीही ती बाटली संपली होती. एकदा हवा आत गेली, पाणी उतरलं, की तो आकडा कोणी खरा धरत नाही. कोणत्या खोलीवरचं पाणी होतं ते चिठ्ठीवर मधुकरच्या अक्षरात लिहिलं होतं, कुंकवाचं बोट त्याच्यावरच उमटलं होतं. तिथला समुद्र किती सोसू शकतो, ते आता कळणार नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं काही वाटत नाही, हे मात्र मनात कुठेतरी टोचलं.

मालगाडी आली, न थांबता गेली. धूर फलाटावर खाली उतरला. मामींनी कुंदीच्या तोंडावर पदर टाकला. मी पुन्हा दुपट्याखाली हात घातला. कोरडं.

"घडीघडी हात नको लावू," मामी म्हणाल्या. "झोपू दे तिले."

मी हात काढून घेतला. हात लावू नका, हे आता त्या मला सांगत होत्या. दोघींनाही ते ऐकू आलं असावं. त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पाण्यातले ते जीव, ते दिसतात कसे. मी म्हटलं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, भिंगाखाली दिसतात, काही गोल, काही चांदणीसारखे. लई राहतात का एका बाटलीत? मी म्हटलं, लई. लेकरंबाळं असतात त्यांना? मी म्हटलं, असतात एका तऱ्हेनं, एकाचे दोन होतात. त्यांनी हं म्हटलं. कुंदीच्या पायातलं काळं कडं घोट्याभोवती फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, मधूला तारेत काही लिहू नको. तो तिथे पाण्यावर एकटा आहे. त्याला कळून तो काय करणार आहे?

आपणही काय करणार आहोत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ज्या रुळांवरून मधुकर समुद्र मांडीवर घेऊन आला होता, त्याच रुळांकडे आम्ही दोघी बघत होतो, आणि त्यांवर काही येत नव्हतं.

कुंदी झोपेत एकदा दचकली, मूठ उघडली, मिटली. मामींची मांडी जराशी हलली आणि थांबली. त्या एकदम ताठ झाल्या. बाई देवळात घंटेचा आवाज ऐकताना होते तशा.

"नलू," त्या हळूच म्हणाल्या.

मी वळले.

"भिजवलं माय."

मी हात घातला. लंगोट भिजला होता, दुपटं भिजलं होतं, खाली मामींचं लुगडं कोमट झालं होतं. मी तो हात काढलाच नाही. मामींनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, दाबून, जणू ते वाहून जाऊ नये म्हणून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता, त्यात कुंदीचं डोकं होतं. गाठींपलीकडे हमाल सिग्नल पडल्याचं बोलत होते. पॅसेंजर येत होती.

"पुरे हाय ना वं एवढं?" मामींनी विचारलं.

किती म्हणजे पुरे, हे बबनरावांनी सांगितलं नव्हतं, आणि कुठे लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. एक ओला लंगोट. तो जास्त होता का थोडा, पुढचा किती वेळानं येणार, येणार का. गाडी फलाटाला लागली. मामी उठल्या, लुगडं पायाला चिकटलेलं, ते त्यांनी सोडवलंसुद्धा नाही. मी पिशवी उचलली, डब्यात चढले आणि कुंदीला घ्यायला हात खाली केले. मामींनी तिला दिली नाही. तिला छातीशी धरून, एका हातानं दांडी पकडून त्या स्वतःच वर चढल्या, आणि बाकावर बसल्या बसल्या त्यांनी तोच पदर तिच्या अंगावर नीट घातला.